टाळ्या घेणारं घोरणं

मी एक जुना माइक आहे. मित्रांनो, माझी जाळी चेपली आहे, वायर उंदरांनी कुरतडली आहे आणि विदर्भातल्या वडसा गावच्या एका नाटक मंडळीच्या खोलीत मी धूळ खात पडलो आहे. माझी कीव करू नका. एका भल्या माणसाचा जीव जात होता आणि मी लोकांना हसवत होतो.

१९९६ साली मला नागपूरहून आणलं ते गुलाम रसूल यांनी. मंडळीचे लाइट आणि माइक तेच सांभाळत. अंगानं भरलेले, मान आखूड, स्वभाव गरीब. रोज स्वतःच्या रुमालानं मला पुसत. बसल्या जागी त्यांचा डोळा लागायचा. नाटक रात्रभर चालतं, मग झोप येणारच, असं सगळे म्हणत.

एकदा प्रयोग चालू असताना ते माझ्याशेजारीच घोरू लागले. भोंग्यातून ते गावभर ऐकू गेलं. मधेच घोरणं थांबलं. लोक कान देऊन बसले. मग गचका देऊन श्वास परतला आणि सगळा मांडव हसून लोटपोट झाला. मंडळीचे मालक गुणवंतराव यांनी लगेच नाटकात झोपाळू चौकीदार घातला.

"भाऊ, तुले अॅक्टिंग कराची नाई. फक्त झोप," ते म्हणाले.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा भरतात, त्या दिवसांत गावोगावी त्या चौकीदाराला मागणी आली. गुलामभाऊंची बायको जरीना एकदा मुद्दाम सांगायला आली, "यांचा श्वास मधातच अटकते. हालवलं का मंग येते. मले भेव लागते." तिलाही सगळे हसले.

पुढं त्यांचा बीपी गोळ्यांनीही उतरेना. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत श्वास अडतो, त्याचा ताण हृदयावर येतो; नागपूरला जाऊन तपासणी करा. मला पुसता पुसता गुलामभाऊंनीच हे गुणवंतरावांना सांगितलं.

"सीझन होऊ दे ना भाऊ. होळी झाली का जाजो," गुणवंतराव म्हणाले. भिडस्त गुलामभाऊ मला पुसत राहिले.

माघात सावली तालुक्यातल्या एका गावी मंडळी दुपारची झोपली होती. गुलामभाऊंचं घोरणं थांबलं.

"आज शांत झोपून राह्यला. उठवू नका," गुणवंतराव कौतुकानं म्हणाले.

चार वाजता तेच चहा घेऊन गेले, तेव्हा अंग गार पडलं होतं. हृदय बंद पडलं होतं.

पुढच्याच प्रयोगाला दुसरा माणूस माझ्यासमोर खोटं घोरला. लोक हसले.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी घोरता घोरता थांबत असेल, तर हसू नका. डॉक्टरकडे न्या. आणि घरची बाई भेव लागते म्हणाली, तर तिचं ऐका. जरीनाच्या हाती मला कोणी एकदाही दिलं नाही.