टेलरबाईंची तपासणी

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. म्हातारपणचं विसरणं हा आजार असतो, हे तेव्हा डॉक्टरांना पटलं होतं, सरकारला निम्मं पटलं होतं आणि शेजाऱ्यांना मुळीच पटलं नव्हतं. "वयच आहे त्यांचं," म्हणून शेजारी दार लावून घेत.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एक निवृत्त बसड्रायव्हर आणि त्याची बायको राहत. तिनं चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, म्हणून सगळे तिला टेलरबाई म्हणत. गेली तीन वर्षं मात्र ती गॅस चालू ठेवून विसरत होती, जिन्यात उभी राहून स्वतःचंच घर शोधत होती. ड्रायव्हरला हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं. आणखी थांबलात तर जिवाशी गाठ आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण तिला कुणाच्या भरवशावर सोडायचं? लेक दूरच्या गावी नर्स, पदरात दोन लहान पोरं.

नगरपालिकेनं अशा माणसांसाठी दिवसभराचं सांभाळघर काढलं होतं; घरचं माणूस इस्पितळात असेल तर रात्रीही ठेवून घेत. जागा चोवीस आणि अर्ज तीनशे. तपासनीस घरी येऊन तीस प्रश्न विचारणार, आणि वीस किंवा कमी गुण पडले तरच जागा.

लेकीनं फोनवर बजावलं, "बाबा, इथे नापास व्हायचंय. तुम्ही मध्ये तोंड घालू नका."

"मी कशाला घालतोय?"

"तुम्हाला मी ओळखते हो."

दरवर्षी डोळे, कान आणि रक्तदाब तपासून घेतल्याशिवाय त्याच्या हाती बस देत नसत. एकतीस वर्षं तो त्या तपासणीच्या धास्तीत जगला. तपासणी म्हटली की पास व्हायचं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलं होतं. त्या सकाळी त्यानं बायकोला न्हाऊ घातलं, केस विंचरून दिले, इस्त्रीची साडी नेसवली. कॅलेंडर तिच्या समोरच्या भिंतीवर आणून टांगलं आणि तारखेभोवती लाल गोल काढला. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. पण परक्या बाईपुढे तिची फजिती व्हावी, हे त्याला बघवलं नसतं.

तपासनीस तरुण होती, कोट खुर्चीच्या पाठीला अडकवून बसली.

"आजी, आज तारीख काय?"

टेलरबाईंनी भिंतीकडे पाहिलं. "नऊ. का हो, तुमच्या ऑफिसात कॅलेंडर देत नाहीत?"

"शंभरातून सात गेले तर?"

"ह्यांना विचारा. आकडेमोडीचं खातं ह्यांचं."

"त्र्याण्णव," ड्रायव्हर खोकल्यासारखं करून म्हणाला.

"आजोबा, गाडी मला चालवू द्या," तपासनीस हसून म्हणाली.

शेवटी बेरीज एकवीस भरली. ड्रायव्हरची छाती क्षणभर फुगली, आणि मग त्याला वीसची अट आठवली.

"एका गुणानं हुकलं हो," तपासनीस म्हणाली. "पण माझ्या हातात काही नाही." तिनं कोट उचलला.

"थांबा," टेलरबाई म्हणाल्या. "खांद्याची शिवण सुटलीय. असं कुणी चारचौघांत फिरतं का? आणा इकडे."

सुटलेला टाका वरवर टाचायचा नाही, अख्खी बाही उतरवून नव्यानं बसवायची, असा त्यांचा नेम होता. छोट्या कात्रीनं त्यांनी शिवण सरसर उसवली. कापडाला ओरखडा नाही, पाच मिनिटांत बाही मोकळी. तपासनीस बघतच राहिली.

मग हात थांबले. टेलरबाईंनी बाही गळ्याशी लावून पाहिली, खिशाशी लावून पाहिली, उलटी करून पुन्हा गळ्याशी धरली. शेवटी ती उशीमागे दडवली आणि नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला सांगा ना, टेलरबाई बाहेर गेल्यात."

ड्रायव्हरच्या जिभेवर सबबी तयार होत्या. उजेड कमी आहे, चष्मा जुना झालाय. त्यानं त्या गिळल्या आणि बायकोच्या पाठीवर हात ठेवला.

"तपासनीसबाई, कॅलेंडर मीच टांगलं. ही मलाच विचारते, आमचे हे कधी येणार? मी म्हणतो, सातला येतील. मग आम्ही दोघं मिळून वाट बघतो." त्यानं उशीमागची बाही काढून तपासनिसाच्या हाती दिली. "हिला टाकायचं नाहीये मला. बरा होऊन न्यायला यायचंय."

तपासनिसाच्या कागदावर शेऱ्यासाठी दोनच ओळी होत्या. त्या भरल्यावर तिनं त्याचं म्हणणं समासात लिहिलं, मग पाठीमागे लिहिलं.

"मंगळवारी पुन्हा येते," ती म्हणाली. "कॅलेंडर काढा, आणि तुम्ही जिन्यात बसायचं."

मंगळवारी टेलरबाईंना चौदा गुण पडले. आकडा ऐकून ड्रायव्हर कठडा धरून बराच वेळ पायरीवरच बसून राहिला.

टेलरबाईंना जागा मिळाली. त्या सहा वर्षं सांभाळघरात जात राहिल्या आणि एका दुपारी झोपेतच गेल्या. ड्रायव्हरचं ऑपरेशन नीट झालं. पुढे रोज पाचला तो तिला न्यायला जाई, कधी नवरा म्हणून, कधी ओळखीचा भला माणूस म्हणून. समासात लिहिल्याबद्दल तपासनिसाला साहेबांनी झापलं. ती चिवट निघाली, आणि चार वर्षांनी तिनं घरच्या माणसाचं म्हणणं लिहायला एक पूर्ण पान मंजूर करून घेतलं. "वयच आहे त्यांचं" म्हणणाऱ्यांपैकी एका शेजारणीनं पुढे स्वतःच्या नवऱ्यासाठी ते पान भरलं. लेकीनं याच गावात बदली मागून घेतली. ड्रायव्हर अखेरपर्यंत तिच्याकडे राहिला, डोकं शाबूत, कान गेलेले, रिक्षावाल्यांना गाडी कशी वळवायची ते शिकवत.