न झालेल्या नाटकाच्या टाळ्या

जळगावच्या एका दैनिकात नवल पाटील बावीस वर्षं नाटकांची परीक्षणं लिहायचे. दर बुधवारी, पान पाच, खाली डावीकडे. या महिन्यात संपादकांनी बोलावून सांगितलं की सदर बंद करतोय, तिथे वाढदिवसाच्या शुभेच्छा घेऊ, लोक त्या तरी बघतात. नवलभाऊ फारच गयावया करायला लागले तेव्हा शेवटची संधी मिळाली. येत्या परीक्षणावर वाचकाचा एक तरी फोन आला पाहिजे. शिव्यांचा असला तरी चालेल.

पान दुपारी चारला सुटायचं आणि नाटक साडेसहाला सुरू व्हायचं. म्हणून भाऊ आदल्या दिवशी रंगीत तालीम बघायचे आणि प्रयोग झाला असं धरून लिहून टाकायचे. मंगळवारी धुळ्यात अमळनेरच्या मंडळाचं कोर्टावरचं नाटक होतं. भाऊंनी लिहिलं, न्यायाधीशाच्या अखेरच्या भाषणाला धुळेकरांनी डोळे पुसत टाळ्या दिल्या.

नेपथ्याचा टेम्पो मंडपवाल्याचा. त्याच्या डोक्यात पुढे साक्री गावातलं लग्न, त्यामुळे तो धुळ्यात थांबलाच नाही. न्यायाधीश झालेला नट मागे गाद्यांवर झोपलेला, तोही गेला. लग्नवाल्यांनी न्यायाधीशाच्या खुर्चीत नवरदेव बसवला, आरोपीच्या पिंजऱ्याला झेंडू लावून त्यात आइस्क्रीम ठेवलं, आणि नटाला वऱ्हाडी समजून पंगतीत बसवलं. तो जेवला. धुळ्यात तासभर वाट बघून तीस-चाळीस लोक घरी गेले.

बुधवारी परीक्षण छापून आलं आणि नाटक झालंच नाही हे कळलं, तेव्हा भाऊ आधी हादरले, मग खूश झाले. न झालेल्या नाटकाला टाळ्या म्हटल्यावर शिव्या येणारच. ते ऑफिसात फोनजवळ दिवसभर बसले. एकच फोन आला. श्रद्धांजलीच्या जाहिरातीत भलत्याच माणसाचा फोटो होता, आणि तो माणूसच बोलत होता.

गुरुवारी भाऊ अमळनेरला दिग्दर्शक धम्मपाल सोनवणेकडे गेले. बाबा, तक्रार कर, म्हणून हात जोडले. धम्मपालने कात्रण फ्रेम करून भिंतीला लावलेलं.

"भाऊ, तुम्ही बठ्ठं बराबर लिखेल शे," तो अहिराणीत म्हणाला; सगळं बरोबरच लिहिलंय म्हणे.

"अरे, पण नाटक झालंच नाही."

"तेच सांगतो. झालं असतं तर टाळ्या कुठून आल्या असत्या?"

त्याने चहा पाजला आणि पुढच्या वर्षीही असंच लिहा, अशी विनंती केली.

शेवटी स्टँडवरून भाऊंनी आवाज बदलून ऑफिसला स्वतःच फोन लावला. मोहिनीने उचलला, ती तिथे चार वर्षं फोनवर होती. भाऊंनी परीक्षण खोटं असल्याचं सांगितलं. लिहिणाऱ्याला अक्कल नाही, बावीस वर्षं हाच धंदा करतो, असंही सांगितलं. इतकं मनापासून त्यांनी कुठल्याच नाटकाबद्दल लिहिलं नव्हतं.

"नाव सांगा काका. नावाशिवाय फोन धरत नाहीत."

घाईत तोंडाला सवयीचंच नाव आलं.

"नवल पाटील," तिने सावकाश लिहून घेतलं. "बरं, आणि तक्रार कोणाविरुद्ध?"

भाऊंनी फोन ठेवला. ऑफिसच्या वहीत तो फोन अर्धवट म्हणून नोंदला गेला, आणि सदर बंद झालं.