न गोठणारे तीर्थ

चैत्रातल्या त्या सोमवारी बिरसीच्या चावडीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. गोंदियाहून भुशात गुंडाळून आणलेली बर्फाची लादी फोडून, तिच्यात मीठ कालवून, ईश्वरदासबाबाने मंत्र पुटपुटत दोन पितळी पेले रोवले होते. एकात गावच्या विहिरीचे पाणी, दुसऱ्यात त्याचे हिरवट तीर्थ. अर्ध्या तासाने पहिला पेला उलटा केला, तर थेंब पडला नाही. दुसऱ्यातल्या तीर्थाची मात्र धार लागली.

बाबा गर्दीला म्हणाला, “देखो भाई, जिसको बरफ नहीं पकड़ता, उसको पीनेवाले को बुखार क्या पकड़ेगा?”

“गोड हाय म्हणते,” एक म्हातारी पुटपुटली.

“मंग देवाचं का कडू राहील?” शेजारणीने तिला गप्प केले.

गर्दीमागे तांदूळ गिरणीचे मिस्त्री केशोराव मान खाली घालून उभे होते. नागपूरच्या तंत्रविद्यालयात ते इंजिनाचे काम शिकले होते. बाबामागचा शेंदरी डबा त्यांनी मागच्या सोमवारीच ओळखला होता. त्यात होते इंजिन थंड ठेवण्याचे रसायन, महायुद्धातल्या विमानतळावरच्या सामानाच्या लिलावात गिरणीने घेतलेले. पाण्यात मिसळले की पाणी थंडीत गोठत नाही, उन्हाळ्यात लवकर उकळत नाही, आतले लोखंड गंजत नाही. पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी करते. डब्यावर कवटीचे चित्र होते. दसऱ्याच्या यंत्रपूजेत ते अशुभ दिसते म्हणून केशोरावांनीच त्यावर शेंदरी रंग फिरवून हळदकुंकू वाहिले होते. तेव्हा गिरणीत तेलपाणी करणारा ईश्वरदास पुढे काम सोडताना तोच डबा घेऊन गेला.

मागच्या सोमवारी बोलावे, तर कवटी कोणी झाकली हेही सांगावे लागले असते. केशोराव गप्प राहिले. त्या दिवशी गावातल्या बिसरामच्या बापाने, बकारामने, दोन पेले घेतले. लघवी बंद होऊन तो तिसऱ्या दिवशी गेला. लोक म्हणाले, वय झाले होते. केशोरावांनी तिरडीला खांदाही दिला.

आता सुमित्राबाईने तापाने फणफणलेल्या नवऱ्याच्या, दुधरामच्या, ओठांशी पेला नेला.

“बाई, थांबा. ते विष आहे.” केशोरावांनी पुढे होऊन पेला हातातून काढून घेतला आणि ईश्वरदासापुढे धरला. “घे, आधी तू पी.”

“मेरा उपवास है,” ईश्वरदास मागे सरकला.

“सोमवार सोमवार लोकायले पाजतो, अन् याचाच उपवास?” कोणीतरी हसले.

केशोरावांनी चाकूने डब्याचा रंग खरवडला. कवटीचे दात दिसले तसे हसू थांबले. मग गिरणीतून तसलेच रसायन आणवून, पाण्यात मिसळून त्यांनी स्वतः मीठबर्फात ठेवले. मंत्र म्हटला नाही, तरी ते गोठले नाही.

“हे इंजिनाचे औषध आहे, माणसाचे नाही. दुधरामला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. आणि या डब्यावरची खूण मी झाकली होती.”

बिसराम पुढे आला. त्याचे डोके अजून तुळतुळीत होते.

“मिस्त्री, तुमाले मागच्या सोमवारी माईत होतं?”

“होतं.”

“मंग काऊन नाही बोलले?”

“लाज वाटली.”

बिसराम वळला आणि दुधरामसाठी बैलगाडी जुंपू लागला.

वाचकहो, ज्याचे नाव ठाऊक नाही ते गोड लागले म्हणून पिऊ नका. धोक्याची खूण कोणत्याही पूजेसाठी झाकू नका. आणि ज्याला ठाऊक आहे, त्याने पहिल्याच सोमवारी बोलावे.