वरून दिसणारी बाजू

डॉक्टरबाईंनी आधीच्या ऑपरेशनांच्या व्रणांच्या फोटोंचा आल्बम जाऊबाईंपुढे ठेवला आणि उचलला भावोजींनी. त्यांचं पडद्यांचं दुकान, नमुने चाळायची हाताला सवय. मी धाकटी जाऊ. सोबत म्हणून गेले होते. खरं तर कोण काय बोलतं ते ऐकायला.

कॅन्सरची गाठ डाव्या स्तनात, वर, काखेच्या अंगाला. स्तन न काढता ती काढता येणार होती. छेद कुठे घ्यायचा, एवढंच ठरायचं होतं: गाठीवर सरळ, स्तनाग्राभोवतीच्या गडद कडेने, की बाजूला काखेजवळ.

"गाठ तिन्हींतून सारखीच निघेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दिसायला कडेचा उत्तम. काखेजवळच्यात हात थोडे दिवस जास्त दुखेल."

"कडेचाच घ्या," भावोजी म्हणाले. "हा बघ, शोधूनही सापडत नाही."

जाऊबाई बँकेत कर्ज मंजूर करतात. समोरच्याने घाई केली की त्यांना हमखास शंका येते. त्यांनी आल्बम ओढून घेतला, उलटा धरला, मान तिरकी केली.

"हे सगळे समोरून काढलेत."

"हो, तशीच पद्धत आहे."

"समोरून मला बघणार कोण? हे. तेही चष्मा सापडला तर. मी रोज सकाळी बटणं लावताना वरून बघते. तिथून कुठला दिसतो?"

डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "हे मला कुणी विचारलं नव्हतं."

"मग खाली बघूच नकोस," भावोजी म्हणाले.

"बटणं तुम्ही लावणार का?"

डॉक्टरबाईंनी पडद्यामागे जाऊबाईंच्या अंगावर पेनाने तीन रेघा काढल्या. जाऊबाईंनी मलाही आत बोलावलं, आरसा मात्र नको म्हणाल्या. मान खाली घालून बराच वेळ बघत राहिल्या.

"ही दिसते. ही तुमची उत्तम, ती तर आधी दिसते." त्यांनी हात खाली सोडला. "तिसरी कुठे गेली?"

"हात दुखेल पण, ताई," मी म्हटलं.

"हात दुखायचा थांबेल गं. बटणं रोजची आहेत."

बाहेर भावोजींना निर्णय कळला. ते आल्बम मिटून म्हणाले, "गिऱ्हाइकांना मीच सांगतो, पडदा खोलीत बसून बघा, रस्त्यावरून नको. इथे कसं सुचलं नाही?"

"इथे तुम्ही रस्त्यावर उभे होतात," जाऊबाई म्हणाल्या.

निघताना डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं, "बऱ्या झालात की वरून एक फोटो काढू? पुढच्या बायकांना दाखवायला."

जाऊबाई शेवटचं बटण लावत होत्या. "आधी मला बघू द्या," त्या म्हणाल्या. "मग सांगते."