हिरवळीखालची वाट

मित्रांनो, मला कोणत्याही पाथरवटानं घडवलं नाही, की कोणी नारळ फोडून माझं उद्घाटन केलं नाही. मी एक जुनी पायवाट आहे. माझा जन्म माणसांच्या पायांखाली झाला.

तंजावरात, राजवाड्याच्या मागच्या अंगाला आमचं पटांगण आहे. त्याच्या एका टोकाला मराठी घरांची रांग आणि समोर, जरा तिरकं, मारुतीचं देऊळ. घरांतून देवळाकडे जाणारी माणसं जिथून सहज चालली, तिथली माती दबली आणि गवत उगवेनासं झालं. मग एके सकाळी एक बाई दुसरीला म्हणाली, "या वाटेनं ये गे, इकडे काटे नाहीत." तेव्हा मला कळलं की मी आहे.

माझे दिवस भाग्याचे होते. पहाटे दारापुढे कोलमची रांगोळी घालून झाली की बायका माझ्यावरून देवळात जात. त्यांच्या बोटांना अजून तांदळाचं पीठ लागलेलं असे. संध्याकाळी कथा असली तर पापनाशमच्या बसनं पाहुणे येत, कोणी मृदंग खांद्याला लावून, कोणी फुलांची परडी घेऊन. कथा सांगायचे सीतारामराव. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. पण चिपळ्या हाती घेतल्या की ते मास्तर राहत नसत, हरिदास होत. पद मराठीत गात आणि अर्थ तमिळमध्ये उलगडत, म्हणून मराठी अर्धीमुर्धी कळणारी पोरंही हलत नसत. मित्रांनो, हरिनामाचा गजर जमिनीत किती खोल उतरतो, ते मातीला विचारा.

पण मला सगळ्यांत ओळखीची पावलं वेंकूबाईंची. वय झालेलं आणि नजर जवळजवळ गेलेली. तरी रोज संध्याकाळी त्या एकट्या देवळात जात, अनवाणी. करंजाच्या मुळाचा उंचवटा लागला की निम्मी वाट झाली, पुढे गार माती, मग देवळाची पायरी. डोळ्यांचं काम तळवे करत. कोणी म्हणालं, "हात धरूं का, पाट्टी?" तर आजीबाई उत्तर देत, "वाट धरलीय की मी. तुझा हात कशाला?"

मग पटांगणाचं नवं रूप करायचं ठरलं. आराखडा केला शांभवीनं. तिचं आजोळ याच आळीतलं. ती चेन्नईला शिकून वास्तुरचनाकार झालेली. तिच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ वळणार नाही. ऐप्पसी महिन्याच्या पावसात इथं गुडघाभर पाणी साचायचं, तिनं त्याला वाट करून दिली. मोपेडी भरधाव आत घुसायच्या, त्या थांबवल्या. दिवे लावले, बाकं मांडली, चाकांच्या खुर्चीसाठी उतार केला. मधोमध लांबट गोल हिरवळ, तिच्या कडेनं लाल विटांचा फेरा आणि दोन्हींच्या मध्ये बुटके खांब व साखळी. सगळ्यांनी एकाच दिशेनं फिरावं, म्हणजे कोणी कोणाला धडकणार नाही, असा तिचा विचार. विचार चांगलाच होता. फक्त हिरवळीच्या गुंडाळ्या आणून उलगडल्या, तेव्हा खाली मी होते.

सगळ्यांनी वाहवा केली. मला वरून बुटांचे आवाज यायचे, गोल गोल जाणारे. माझ्या अंगाला लागायचं ते फक्त नळीचं पाणी.

वेंकूबाई पहिल्यांदा त्या फेऱ्यावर आल्या, ती संध्याकाळ मी विसरणार नाही. वीट सगळीकडे सारखी. ना मूळ, ना उंचवटा, ना कोपरा. त्या चालत राहिल्या. फेरा त्यांना देवळावरून पुढे घेऊन गेला, आणि त्यांना कळलंही नाही. मग एक पायरी पायाला लागली. त्या थांबल्या, हात जोडले, आणि मारुतीचं अख्खं स्तवन गायल्या. शेवटी उंबऱ्यावर डोकं टेकणार, तोच दार उघडून त्यांची सून जयलक्ष्मी बाहेर आली.

"अय्यो, अम्मा! आपल्याच दाराला नमस्कार करताय?"

फिरायला आलेली पोरं हसली. वेंकूबाईही हसल्या. मग ओट्यावर बसल्या आणि हळू म्हणाल्या, "देवाचं दार कोठें नि माझं दार कोठें, तें मला कळेना. आतां घरींच बरी."

"मी नेईन की रोज."

"बोचकं होऊन देवापुढें नको गे. आजवर माझ्या पायांनीं गेल्यें."

त्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. बायकांच्या पुढच्या रांगेत त्यांची जागा रिकामी राही. सीतारामराव पद म्हणताना तिकडे बघत आणि नजर काढून घेत. दुरून, ओट्यावर बसून, वाऱ्यानं येईल तेवढी कथा वेंकूबाई ऐकत. घरापासून देवळापर्यंत जेमतेम हाकेचं अंतर, आणि तेवढंच त्यांना ओलांडवत नव्हतं. मी मातीत पडून होते. मला उठून जाता येत नव्हतं.

रामनवमी आली. गर्दी मोठी म्हणून त्या दिवसापुरती साखळी काढली आणि हिरवळीवर जमखाने अंथरले. आधी म्हातारी माणसं येऊन बसली, मग त्यांच्या कडेनं बाकीची. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. तरी घरांपासून देवळापर्यंत, तिरकी, माणसांच्या आणि जमखान्यांच्या मधून एक जागा मोकळी राहिली.

शांभवी व्यवस्थेला उभी होती. ती म्हणाली, "मध्ये एवढी जागा कशाला सोडलीत? मागे लोक उभे आहेत. सरकून बसा ना."

कोणी हललं नाही. जयलक्ष्मी गुळाच्या पानकमचा पेला खाली ठेवून म्हणाली, "वाटेवर कोण बसतं गे?"

"कुठली वाट? ही हिरवळ आहे."

"हो का? मग तूच बस जा मधोमध."

सगळे हसले. शांभवीही हसली आणि खरंच मध्ये जाऊन उभी राहिली. तिनं एकीकडे पाहिलं, तर मारुतीपुढचा दिवा. दुसरीकडे पाहिलं, तर ओट्यावर कान देऊन बसलेली एक म्हातारी. तिचं हसू मावळलं. तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि माझ्यावरून ती वेंकूबाईंच्या दाराशी गेली.

"पाट्टी, चला."

"नको गे. पुन्हां माझ्याच दाराशीं आणून सोडशील."

"मी हात नाही धरत. तुम्ही पुढे चला, मी मागून येते."

वेंकूबाई उतरल्या. विटा ओलांडून गवतावर पाय टेकला आणि थबकल्या. "हें मऊ काय?"

"हिरवळ. खाली माती तीच आहे."

त्यांनी अंगठा दाबून पाहिला. आणखी दोन पावलं टाकली. मग गवताखाली करंजाचं मूळ लागलं, आणि त्यांची पाठ सरळ झाली. दोन्ही बाजूंनी माणसांनी गुडघे आत घेतले.

आख्यान चाललं होतं वनातल्या भिल्लिणीचं, देव येईल म्हणून रोज वाट झाडणारीचं. सीतारामरावांनी चिपळ्या खाली केल्या. मृदंग थांबला. वेंकूबाईंचा पाय देवळाच्या पायरीला लागला, तेव्हा त्यांनी ती हातानं चाचपली, कपाळ टेकलं आणि विचारलं, "कोठवर आली कथा?"

"तुमच्यापर्यंत," हरिदास म्हणाले, आणि त्यांनी चिपळ्या पुन्हा उचलल्या.

दुसऱ्या दिवशी साखळी पुन्हा लागली. फक्त दोन ठिकाणी, घरांसमोर आणि देवळासमोर, शांभवीनं ती लावू दिली नाही. वरच्या साहेबांना काय ते मी सांगेन, म्हणाली. आता रोज संध्याकाळी तिथून वेंकूबाई जातात आणि त्यांच्यामागून इतरही. गवत विरळ होऊ लागलं आहे. माळी कुरकुरतो.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी मोठेपणी गावं नीट करायला निघेल. जरूर करा, दिवे लावा, झाडं लावा, पाणी वाहतं करा. पण कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी त्या जागी एक संध्याकाळ बसा. कोण कुठून येतं, कोण कुणाच्या ओढीनं कुठे जातं, ते पाहा. आणि एखादी वाट पुसावीच लागली, तर आधी चपला काढून तिच्यावरून एकदा चालून या.