वर्गाबाहेरची वर्षाराणी

सोमवार म्हणजे कारखान्यांची सुट्टी. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड ओतण्याच्या भट्टीवर काम करणारा आकाराम त्या दिवशी घरीच होता. लेक वर्षाराणी पाण्याची बाटली विसरून गेली, म्हणून ती द्यायला तो शाळेत गेला. फाटकावर शिपाई नव्हता, तेव्हा पहिल्यांदाच तो आत शिरला. चौथीच्या वर्गात पोरगी दिसली नाही. ती सापडली मागं, खिचडीच्या शेडमध्ये. तांदूळ निवडत बसली होती.

"हितं काय करतीस गं?"

वर्षाराणी नुसती हसली. तिला शब्द जुळवायला वेळ लागतो. उत्तर दिलं ते स्वयंपाक करणाऱ्या चिमणाबाईनं.

"रोजच असती की हितं. दुसरीपासनं. तुमास्नी ठावं न्हाय व्हय?"

आकाराम तसाच वर्गाकडं वळला. स्नेहलबाई दारात आल्या. आकारामची बायको शालन आजारी असताना याच बाई घरी भेटायला आल्या होत्या आणि डोळे मिटण्याआधी शालननं पोर त्यांच्या पदरात घातली होती. तेव्हापासून त्यानं कधी काही विचारलं नाही. आपलं असलं लेकरू शाळेत घेतलं, हेच मोठे उपकार, असं तो धरून चालला. गुऱ्हाळ लागलं की काकवी नेऊन द्यायचा. बाई फाटकावर म्हणायच्या, "छान चाललंय हं तिचं." हा हात जोडून परत फिरायचा.

"बाई, पोर वर्गात का न्हाय?"

"आकारामभाऊ, बाकीचे पालक तक्रार करतात. मुलांचं लक्ष जातं म्हणे. शिवाय तिथं ती आनंदात असते."

"आन् तपासणीला साहेब आल्यावर मातूर पुढच्या बाकावर! त्यो फोटो तुमी मला धाडला. मी समद्या कारखान्यात दाखवत हिंडलो की वो!"

"वरून सांगितलं होतं. मी तरी काय करणार?"

"मला सांगायचं, की जमत न्हाय म्हणून. मी भांडलो असतो, न्हायतर दुसरी शाळा बघितली असती. शालन तुमच्या भरवशावर गेली, बाई."

बाई दारातून बाजूला झाल्या. आकारामनं लेकीला हाताला धरून आणलं, पुढच्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. मुख्याध्यापक धावत आले.

"ओ पालक, वर्ग चालू आहे!"

"चालू दे की. शिकायलाच बसलोय."

फळ्यावर भागाकार होता. वर्षाराणीला अजून स्वतःच्या नावातला 'व' ओळखता येत नव्हता.

आता दर सोमवारी तो तिच्या शेजारी बसतो. मंगळवारपासून त्याला भट्टीवर जावं लागतं. त्या दिवसांत तिला वर्गात बसवायचं शाळेनं अजून कबूल केलेलं नाही.