शिवलेल्या बाह्या

त्या दिवशी खालच्या दुकानात एकही मशीन चाललं नाही. एरवी शाळांच्या गणवेशांचे ढीग जिन्यापर्यंत आलेले असत, आणि शिवणयंत्रांची घरघर वरच्या स्वयंपाकघरात भांड्यांना सुद्धा कापरं भरवी. आज ढीग चादरीखाली गेले होते, फरशीवरचे दोरे वेचून झाले होते. नणंदेला बघायला माणसं येणार होती.

सून वर कपबशा पुसत होती आणि एक डोळा लेकीवर ठेवून होती. हात कामात असले तरी तिचा डोळा तिकडेच असायचा. लेक चार वर्षांची, नुसती भिंगरी; सगळे तिला भिंगरीच म्हणत. हाक मारून ती थांबत नसे, कारण तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारत नसे. ‘बोलायला जरा उशीर आहे,’ असं म्हणायचं, आणि विषय बदलायचा. लग्नाची मुलगी घरात असताना असली गोष्ट बाहेर गेली, की लोक साऱ्या घराण्याच्या रक्तात खोट शोधतात, अशी सासूबाईंची खात्री होती. आणखीही एक खात्री होती. हात हलवायची सवय लागली, की मूल तोंड उघडायचा आळस करतं, असं त्यांना कुणीतरी ठासून सांगितलं होतं. म्हणून त्यांनी नातीसाठी खास फ्रॉक शिवले होते. दिसायला सुरेख, गळ्याला झालर, पण बाह्या बोटांच्या पुढे चार बोटं लांब आणि टोकाला बंद. मागे बटणं, म्हणजे पोरीला एकटीने काढता येऊ नये.

“शिक्षा का आहे ती?” त्या म्हणत. “तिच्या भल्यासाठीच करतेय मी. उद्या बोलायला लागली, की तूच माझे पाय धरशील.”

सुनेने वाद घातला नव्हता. कॉलेजात वादविवादाचं बक्षीस मिळवलेली मुलगी; पण इथे तिने दुसरी वाट काढली. बुधवारी दुपारी ठोक बाजारातून बटणं आणायला म्हणून ती भिंगरीला घेऊन निघे, आणि बाजाराच्या अलीकडे एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर हातांची भाषा शिकायला जाई. शिकवणाऱ्या बाई स्वतः बहिऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला एकेक हातांचं नाव दिलं. हिला मिळालं दोन भुवयांच्या मधे चिमटीत धरलेली आठी. सगळे हसले. हीही हसली, आणि आठी जास्तच पडली.

शिकणं जड जात होतं. तिची बोटं एकमेकांत अडकत. प्रश्न विचारताना हात बरोबर असायचे, पण चेहरा कोराच. घरात तोंडावरची रेष हलू न देता वावरायची सवय. बाई तिच्या भुवया बोटांनी वर ढकलत आणि डोळे मोठे करून दाखवत: हातांनी काय विचारतेस, आधी चेहऱ्याने विचार! भिंगरीला मात्र काही शिकवावंच लागलं नाही. पाण्यात सोडलेल्या माशासारखी ती सुटली. परतताना जिन्याशी आई तिचे हात आपल्या हातात घट्ट धरी, आणि ते बाह्यांत घालून देई. ते घालून देताना तिला वर बघवत नसे.

पाहुणे यायच्या आधी सासूबाईंनी भिंगरीच्या कानामागचं यंत्र काढलं. “उगाच कशाला नजरेत भरायला पाहिजे? नाहीतरी ह्याचा काही उपयोग नाही.” यंत्र खिडकीत ठेवून त्या केस विंचरायला वळल्या. भिंगरी थोडा वेळ खिडकीशी खेळली. मग तिला तो फ्रॉक चढवून आतल्या खोलीत बसवलं आणि दाराला कडी घातली.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, आणि मोठ्याने हसणारी त्याची आई. चहा झाला. नणंदेने शिवलेला कोट दाखवून झाला.

“हिचा हात फार साफ आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“तोंड तेवढं साफ नाही, आधीच सांगून ठेवते,” नणंद म्हणाली. मुलगा हसला. सगळं जमून येत होतं.

सुनेचं लक्ष आतल्या दाराकडे होतं. आतून धक्के बसत होते. ती उठून गेली, कडी काढली. भिंगरीच्या हनुवटीवरून लाळ गळत होती, झालर ओलीचिंब. तिने पाणी पाजलं, ते तसंच्या तसं बाहेर आलं. पोर रडत होती, पण नेहमीसारखा आवाज काढून नाही; मान पुढे काढून, जपून रडत होती. आणि आईच्या बगलेखालून निसटून ती थेट पाहुण्यांसमोर जाऊन उभी राहिली.

“अगं बाई! ही कोण? नाव काय तुझं, पिल्लू?” मुलाच्या आईने विचारलं.

“नात माझी. लाजाळू आहे हो फार,” सासूबाई घाईने म्हणाल्या. सुनेकडे वळून त्यांनी दातांतल्या दातांत म्हटलं, “आत ने तिला.”

“आई, तिला काहीतरी झालंय.”

“बटण गिळलं असेल. दुकानात लोळते दिवसभर. तुझ्या नवऱ्याने लहानपणी दोन गिळली होती. निघून जातं. आत ने.”

नवरा खुर्चीच्या कडेवर बसून होता. त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि चहाचा रिकामा कप तोंडाला लावला.

तेवढ्यात सुनेला ते दिसलं. भिंगरीच्या बाह्या हलत होत्या. झटापट नव्हती ती. कापडाच्या आत बोटं भराभर वळत होती, थांबत होती, पुन्हा तेच करत होती. पोर बोलत होती. शिवलेल्या कापडाच्या आत, केव्हापासून कोण जाणे, ती बोलत होती, आणि तिच्यासमोर बसलेल्या सहा माणसांना कापड दिसत होतं.

सुनेने शिवणाच्या डब्यातली दोरे कापायची कात्री उचलली. सासूबाईंची शिवण सहजी उसवणारी नव्हती. तिने टाक्यांच्या नादी न लागता बाह्याच कापल्या, आधी एक, मग दुसरी.

“काय चालवलंयस? माणसं बसलीत!”

ती लेकीसमोर गुडघ्यांवर बसली. तिचा चेहरा आता कोरा नव्हता. भुवया ताणून तिने विचारलं: बटण? गिळलंस, बटण?

भिंगरीने जोरात मान हलवली. नाही. तिने कानामागे, रिकाम्या जागेवर बोट टेकलं. मग बोटांची बारीकशी गोल चिमटी केली, तोंडात घातली. मग गळा. दुखतं. दुखतं.

सुनेने खिडकीकडे धाव घेतली. यंत्राचं झाकण उघडं होतं. आतला सेल नव्हता.

“गाडी काढा,” ती नवऱ्याला म्हणाली. “कानाच्या यंत्राचा सेल गिळलाय हिने.”

“कानाचं यंत्र?” मुलाची आई म्हणाली. तिचं हसू तोंडावरच राहून गेलं.

नवऱ्याच्या हातून कप निसटला, आणि तो किल्ल्या शोधू लागला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि पोरीला ताबडतोब आत घेतलं. सेल अन्ननळीत अडकला होता. बटण असतं तर वाट बघता आली असती, ते म्हणाले. सेल अडकला की आतून जाळत जातो. “अन्ननळीचा मोठा भाग वाचला. कसं कळलं तुम्हाला इतक्या लवकर?”

“तिने सांगितलं,” सून म्हणाली.

संध्याकाळी भिंगरीला वॉर्डात आणलं. सासूबाई आणि नणंद मागून आल्या होत्या. पाहुणे केव्हा उठले हे कोणी विचारलं नाही. नणंदेने वहिनीच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

“घशाला सूज होती, असं कळवू त्यांना,” सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “यंत्राचं काय, ते कुणाचंही असू शकतं. अजून काही बिघडलं नाही.”

नर्स सलाइन लावायला आली. तिने भिंगरीचा उजवा हात फळीवर ठेवून पट्टीने बांधायला घेतला.

“हा हात नको,” सून म्हणाली. “पायाला लावा, कुठेही लावा. हात मोकळे ठेवा. ती हातांनी बोलते.”

“ऐकू येत नाही का हिला?”

“तसं नाही हो, बोलायला जरा उशीर...” सासूबाई सुरू झाल्या.

“बहिरी आहे ती. जन्मापासून,” सून म्हणाली. वॉर्डातल्या पलीकडच्या खाटांवरून माणसं बघू लागली, इतक्या मोठ्याने.

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आपल्या मुलाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. पण या वेळी त्याने फळी उचलली आणि नर्सच्या हातात परत दिली.

भिंगरी जागी झाली. घशातून आवाज निघत नव्हता. तिने आजीला पाहिलं, दोन्ही हात वर केले, आणि सावकाश काहीतरी सांगितलं. मग पुन्हा सांगितलं.

“काय म्हणतेय?” सासूबाईंनी विचारलं.

“मला अर्धंच कळलं. मी नवी आहे. पण ती मला नाही, तुम्हाला सांगतेय.”

सासूबाई वाकल्या. आजवर त्या नातीच्या ओठांकडे बघत आल्या होत्या. आता त्यांची नजर हातांवर आली, आणि तिथून हलेना.

“उद्या सोडतील, असं म्हणतात,” त्या पुटपुटल्या. “घरी गेलो की...”

“घरी कपाटात तसले आणखी फ्रॉक आहेत,” सून म्हणाली. “आई, ते शिवले तुम्ही. उसवायचेही तुम्हीच, तुमच्या हातांनी, एकूण एक. झाले, की निरोप पाठवा. मग येऊ आम्ही दोघी घरी.”